भात्याचा खालचा ओठ

काचेच्या नळीचा काठ गुळगुळीत झाला का, हे बोटाने तपासावं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. भाता ते ओठाने तपासायचा.

भाता म्हणजे आमच्या कॉलेजातला काचकारागीर. रसायनशास्त्र विभागाच्या तळघरात त्याची खोली. प्रयोगशाळेला लागणारे चंबू, नळ्या, वाफ गार करायची वेटोळी, सगळं तिथे तो एकटा घडवतो. मी त्या विभागात चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची सोळा वर्षं तो तळघरात होता. मी निवृत्त झाले त्यालाही आता सोळा वर्षं होतील, पण आठवड्यातून एकदा ग्रंथालयात जाते आणि पुस्तकं बदलून झाली की तळघरात त्याच्याकडे चहा पिते. लोहाराच्या भात्यावरून मुलांनी त्याला हे नाव ठेवलं. आता त्याची बायकोही चिडली की तेच म्हणते.

इतकी वर्षं ज्वाळेसमोर बसून त्याच्या बोटांची कातडी भाजून भाजून निबर झाली आहे. आपण पेन्सिल उचलतो तशी तो गरम नळी उचलतो. अशा बोटांना खरखर काय कळणार? म्हणून कापलेल्या नळीचा काठ ज्वाळेत फिरवून झाला, निवला, की तो डोळे मिटून खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावरून हलकेच ओढायचा. केसाएवढी धार राहिली असली तरी म्हणायचा, "इथे आहे," आणि नळी परत ज्वाळेत. त्याच्या हातच्या नव्या काचेने कुणा विद्यार्थ्याचं बोट कापलेलं मी पाहिलं नाही. फुटक्या काचेने कापलं असेल. फोडायला विद्यार्थी समर्थ होते.

चार वर्षांपूर्वी त्याचा डावा गाल फुगल्यासारखा दिसायला लागला. दिसायला लागला म्हणजे सगळ्यांनाच दिसत होता. विभागप्रमुखांना, लिपिकांना, मला, त्याच्या बायकोला. आणि सगळ्यांनी मनाशी एकच ठरवलं, की हा जन्मभर फुंकतोय, गाल सैल पडला असणार. आता यात गंमत अशी, की जाणता काचकारागीर गाल फुगवून फुंकतच नाही. गाल फुगवतात ती नवशिकी मुलं. भाता त्यांना त्यावरून झापायचा, ते मी स्वतः ऐकलेलं. तरीही मी दोन वर्षं त्या गालाकडे बघत चहा पीत राहिले. चुलीजवळ बसणाऱ्याचं तोंड काळं दिसलं तर ती काजळीच असणार, इतकी आमची अक्कल. मी शास्त्र शिकवायचे, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

त्यालाही विचारलं होतं मी एकदा.

"गाल सुजलाय का रे?"

"नाही बाई, जुना आहे."

जुना आहे म्हणे. जसा काही कोट.

मग एका सकाळी मी तळघरात असताना तो दोन लिटरचा चंबू फुंकत होता. दोन्ही हातांनी काच फिरवायची आणि तोंडातल्या रबरी नळीतून हवा सोडायची, असं ते काम. फुगा चांगला धरत आला होता. एकदम त्याने नळी तोंडातून सोडली आणि बाजूच्या बेसिनमध्ये थुंकला. हात क्षणभर थांबले तेवढ्यात तो चंबू ज्वाळेत एका बाजूला लोळला. हे मी त्याच्याकडून कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"तोंडात पाणी आलं. खारट. घाण वास आहे." त्याने ज्वाळा बारीक केली. "नळीतलं असेल."

"आ कर."

"बाई, तुम्ही काय दाताच्या डॉक्टर आहात?"

"आ कर म्हटलं ना."

डावीकडची शेवटची दाढ आडवी कलली होती आणि तिच्या मागच्या हिरडीतून पिवळट काहीतरी पाझरत होतं. मी त्याला तसाच कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढला, तो उजेडाला धरला, आणि आधी पंखा बंद केला. का कोण जाणे. मग म्हणाले, "हे माझं काम नाही. मोठ्या इस्पितळात जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे, तिथे जा. आजच जा. आणि वाटेत कडक काही खाऊ नका."

हे शेवटचं वाक्य मला अजिबात आवडलं नाही.

इस्पितळातला तो विभाग दुसऱ्या मजल्यावर, एका लांब बोळाच्या टोकाला होता. बाकावर बसलेल्या माणसांपैकी कुणाची हनुवटी बांधलेली, कुणाचे वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना जखडलेले. एक बाई पाटीवर लिहून नवऱ्याशी भांडत होती. भाता त्यांच्याकडे बघेना. त्याची बायको लाँड्रीच्या काउंटरवर काम करते, ती तिथून तशीच पळत आली होती. हातात कपड्यांना लावायच्या कागदी चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच.

"अहो, काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"काही नाही म्हणायला इथे पाठवतात?"

जबड्याच्या डॉक्टर पन्नाशीच्या, बुटक्या, उंच स्टुलावर बसणाऱ्या बाई होत्या. त्यांनी एक्स-रे पडद्यावर लावला. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला, दाढांच्या मागे, काळा लंबगोल डाग होता, लहान लिंबाएवढा. त्याच्या तळाशी, जबड्याच्या अगदी खालच्या कडेला, एक दाढ उलटीपालटी पडली होती.

डॉक्टर बोलायच्या आधी भाताच बोलला. "कुणीतरी आतून फुंकलंय."

"काय म्हणालात?"

"फुगा आहे ना हा? बघा ना, भिंत सगळीकडून पातळ होत गेलीय. खाली तर पापुद्रा राहिलाय नुसता. आमच्याकडे असा चंबू आला तर आम्ही तो हातात धरत नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. "काम काय करता?"

त्याने सांगितलं.

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. ती अक्कलदाढ कधी वर आलीच नव्हती. हाडात राहिली, तिच्याभोवतीची पिशवी पाण्याने भरत गेली आणि वर्षानुवर्षं आतून हाड पोखरत फुगली. दाढेला ढकलत ढकलत तळाला नेलं. रोज दिसणारी गोष्ट नाही, पण त्यांना नवीही नव्हती. "आता जे हाड शिल्लक आहे ते जोरात चावण्याने, पडण्याने, एखाद्या धक्क्याने मोडू शकतं. मऊ खायचं. आणि आजपासून फुंकायचं नाही."

"अक्कलदाढ आली नाही म्हणजे," बायको हळूच म्हणाली, "लग्नाच्या वेळी हे विचारायला हवं होतं आम्ही."

कुणी हसलं नाही. तीही नाही.

डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने काळ्या डागाखालची एक फिकट रेघ दाखवली. "ही तुमची नस. खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देते. पिशवीने ती दाबून कडेला नेलीय. काढताना ती दुखावू शकते. ओठ हलेल, बोलता येईल, पण त्या जागेला काही कळणार नाही. काही महिने. काहींना कायमचं."

"डावा ओठ?"

"डावाच."

भात्याने अंगठा ओठावरून फिरवला. त्याच्या बायकोला वाटलं तो घाबरलाय. तो घाबरलाच होता, पण कशाला ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. जबडा मोडला तर तारेने बांधतात, हे त्याने बाहेर पाहिलं होतं. ओठ गेला तर काय बांधणार?

पिशवीचा एक तुकडा तपासायला पाठवला. उत्तर यायला दहा दिवस. त्या दहा दिवसांबद्दल काय लिहायचं? मी रोज फोन करायचे, आणि रोज त्याची बायको उचलून म्हणायची, "आज नाही." भाता कामावर जात होता. नळ्या कापत होता, वाकवत होता, फुंकायचं सोडून सगळं. सहाव्या दिवशी मी गेले तर त्याने टेबलावर दोनशे परीक्षानळ्यांचे काठ करून ठेवले होते, आणि एकेक उचलून ओठावरून ओढत होता.

"इतक्या कुणी मागितल्या?"

"कुणी नाही."

"मग?"

"करून ठेवतो. आता कळतंय तोवर."

मी चहा न पिता निघाले. माझ्याने तिथे बसवेना.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. कर्करोग नव्हता. पण पिशवी चिवट जातीची होती, काढली तरी परत येणारी. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, जबड्याचा तेवढा तुकडाच कापायचा आणि धातूची पट्टी बसवायची. त्यात ती नस वाचण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरी वाट लांबची. हिरडीतून पिशवीला छोटी खिडकी पाडायची, त्यात नळी बसवायची, आणि रोज दोनदा पिचकारीने मिठाचं निर्जंतुक पाणी सोडून आत धुवायचं. आतला दाब गेला की पिशवी हळूहळू आकसते, हाड भरत येतं, नसेपासून थोडी दूर होते. आठ-दहा महिने. मग दुसरं ऑपरेशन, उरलेली पिशवी आणि दाढ काढायला.

"नळी," भाता लगेच म्हणाला. "नळीचं करू."

"रोज दोनदा धुवावं लागेल. एक दिवस चुकवून चालणार नाही."

"ते माझ्यावर सोडा," बायको म्हणाली. त्या दिवसापासून त्यांच्या आरशाभोवती लाँड्रीच्या चिठ्ठ्या टाचलेल्या दिसायला लागल्या. सकाळ, संध्याकाळ, तारीख, पाणी गढूळ की स्वच्छ. लोकांच्या शर्टांना लावायच्या त्या चिठ्ठ्या. एकावर छापलेलं होतं, 'डाग जाईल याची हमी नाही'. ती तिने फाडून टाकली नाही. मी असते तर फाडली असती.

त्रास दिला तो नळीने. रबराची मऊ नळी, टाक्याने हिरडीला धरून ठेवलेली. तीन आठवड्यांत दोनदा निसटली. नळी निघाली की खिडकी मिटायला लागते, मग परत इस्पितळ, परत सुई, परत टाका. दुसऱ्यांदा निसटली तेव्हा ती त्याच्या तोंडात होती की त्याने गिळली, यावर नवरा-बायकोत अर्धा तास वाद झाला. शेवटी ती उशीखाली सापडली. तिसरी नळी तो एकटाच जाऊन बसवून आला, आणि तिला काही झालं नाही. दोन आठवडे झाले, तीन झाले. बायको आनंदात होती. मीही म्हटलं, चला, बसली एकदाची.

मग एक दिवस तळघरात चहा पिताना मला आवाज आला. चहात साखर घालून भाता चमचा चाटत होता. चमचा तोंडात गेला आणि टिण् झालं. दाताला चमचा लागला तर असा आवाज येत नाही. माझं अर्धं आयुष्य प्रयोगशाळेत गेलंय, धातू काचेवर आपटला की कसा वाजतो ते मला झोपेतही ओळखू येईल.

"तोंडात काय आहे तुझ्या?"

"चहा."

"भात्या."

त्याने चमचा ठेवला. मग मेजाच्या कडेकडे बघत म्हणाला, "रबर बसत नव्हतं बाई. सरळ नळी कशी बसणार? तिला दोन्हीकडे काठ पाहिजे, शर्टाच्या बटणासारखा. आत एक, बाहेर एक."

"म्हणून?"

"म्हणून केली एक."

"काचेची?"

"फुंकलं नाही, तुमची शपथ. नुसती तापवून ओढली, काठ दाबून घेतले. उकळत्या पाण्यात ठेवली. काचेतला ताण तपासला, भट्टीत सावकाश निववली. तोंडात विरघळणारी काच नाही ही, तुम्हाला माहीतच आहे."

"विरघळायची काळजी कोण करतंय? चावलीस तर?"

"उजवीकडून चावतो."

"झोपेत?"

तो चमचा पुसायला लागला. त्याचा अर्थ असा, की त्याने त्याचा विचार केला होता आणि तरीही ती घातली होती. तीन आठवडे. पापुद्र्याएवढ्या हाडाच्या आत, पोकळीच्या तोंडाशी, काच. त्याची बायको रोज दोनदा त्यातून पाणी सोडत होती, आणि तिला वाटत होतं डॉक्टरांनी नवी पारदर्शक दिलीय. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"ऊठ," मी म्हटलं. "तोंड उघडायचं नाही, मिटायचं नाही, बोलायचं नाही. चल."

"मिटायचंही नाही आणि उघडायचंही नाही म्हणजे..."

"बोलू नकोस म्हटलं ना."

बसमध्ये मी त्याला उभं राहू दिलं नाही. प्रत्येक खड्ड्याला माझं लक्ष त्याच्या जबड्याकडे. कंडक्टरने विचारलं, "काकांना दात दुखतोय का?" मी म्हटलं, "हो, आणि मला डोकं."

डॉक्टरांनी तोंडात उजेड टाकला. चिमटा घेतला, दुसऱ्या हाताचं बोट आत घातलं, आणि अगदी सावकाश ती नळी काढली. ती त्यांनी पांढऱ्या कापडावर ठेवली. पेरापेक्षा लहान, दोन्ही टोकांना गोल काठ, मधे बारीक भोक. खरं सांगायचं तर सुंदर होती. मला त्याचा अधिकच राग आला.

"हे फुटलं असतं," डॉक्टर म्हणाल्या, "तर तुकडे शोधायला मी तुमचा अर्धा जबडा उघडला असता. आणि नस वाचवायचा विषय तिथेच संपला असता. हे कळतंय तुम्हाला?"

भात्याने मान हलवली.

"नस वाचावी म्हणून तर तुम्ही लांबची वाट घेतलीत."

"हो."

"मग?"

"निसटायची ना ती. निसटली की खिडकी मिटते. मिटली की परत फुगणार. दोन्हीकडून मीच मरणार होतो, डॉक्टर. म्हटलं, निदान जे मला येतं त्याने..." चौपन्न वर्षांचा माणूस, खुर्चीत आडवा, गळ्यात निळा कागद, आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललेलं. मी भिंतीवरचं दातांचं चित्र वाचत बसले.

डॉक्टरांनी ती नळी परत चिमट्यात धरली, उलटसुलट केली. मग मोजपट्टी काढली. आतल्या काठाची रुंदी, बाहेरच्याची, मधली लांबी. कागदावर लिहून घेतलं.

"आकार बरोबर आहे," त्या नाराजीनेच म्हणाल्या. "कवळ्या ज्या अॅक्रिलिकच्या करतात, त्यात अशीच करून घेऊ. आमचा तंत्रज्ञ उद्या देईल. ही तुम्हाला परत मिळणार नाही."

"काठ मात्र नीट घासायला सांगा त्याला," भाता पडल्या पडल्या म्हणाला.

"गप्प बस," मी म्हटलं.

बायकोला हे मीच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, आरशावरच्या तीन आठवड्यांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि म्हणाली, "बेचाळीस वेळा. बेचाळीस वेळा मी काचेत पिचकारी मारली, आणि हा भाता आरशात माझ्याकडे बघून मान डोलवत होता." चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पिचकारी मात्र चुकवली नाही. "आ" एवढंच म्हणायची.

अॅक्रिलिकची नळी बसली ती बसलीच. दर दोन महिन्यांनी एक्स-रे. काळा डाग लिंबाचा बोराएवढा झाला, खालची कड जाड दिसायला लागली. भाता ते बघून हरखायचा, "भिंत धरतेय." मी हरखत नव्हते. नसेची ती फिकट रेघ अजून डागाला टेकूनच होती.

दहाव्या महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं. दुपारी एकला नेला. डॉक्टर दोन तास म्हणाल्या होत्या, साडेचार झाले. त्याची बायको बाकावर बसून एकाच कोऱ्या चिठ्ठीची घडी घालत होती आणि उलगडत होती. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा टोपीच्या खुणा कपाळावर उमटल्या होत्या. दाढ निघाली, पिशवी पूर्ण निघाली, हाड शाबूत. "नस पिशवीला चिकटली होती. सोडवली. तुटलेली नाही, पण ओढली गेलीय. आता वाट बघायची."

"किती?"

"सांगता येत नाही."

वाट बघणं मला कधीच जमलेलं नाही. भात्याला जमायचं. गरम काच घाईने निववली की तडकते, हे तोच मला सांगायचा. पण आता त्यालाही जमेना. डावा ओठ आणि हनुवटीचा अर्धा भाग लाकूड. सूप ओघळलं तरी त्याला पत्ता नाही. बायको नुसती आपल्या हनुवटीला बोट लावायची की तो पुसायचा. फुंकायला परवानगी नव्हती, म्हणून दोन महिन्यांनी कामावर गेला तो परत नळ्या कापायलाच.

पहिल्या आठवड्यात मी गेले. तो पाठमोरा बसला होता. नळी कापली, काठ ज्वाळेत जेमतेम फिरवला, निवू दिला, आणि डोळे मिटून ओठावरून ओढला. सवयच ती. मग दुसरी. मग तिसरी. मी म्हटलं, "कळतंय का रे काही?"

तो वळला. ओठावर तीन रेघा होत्या आणि तिन्हींतून रक्त येत होतं. हनुवटीवरून गळून शर्टावर पडत होतं. त्याचा चेहरा अगदी शांत, कारण त्याला ठाऊकच नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघून त्याने खाली पाहिलं, मग शर्टाला बोट लावलं, मग बोटाकडे पाहिलं.

त्या दिवशी त्याने गॅस बंद केला आणि पुढचे पाच महिने लावला नाही. कपाट आवरायचा. जुनी काच निवडायचा. कचेरीतून एक माणूस येऊन विचारून गेला, की बाहेरून तयार काच मागवायची का. भाता म्हणाला, "मागवा." त्याच्या बायकोने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेली होती. "बाई, तुम्ही त्यांना काहीतरी बोला. घरात काचेच्या पेल्याने पाणी पीत नाहीत. स्टीलचा घेतात."

मी काय बोलणार? धीर धर म्हणणाऱ्या माणसांचा मला स्वतःला वीट आहे.

दर महिन्याला डॉक्टर कापसाचा धागा त्याच्या ओठावरून फिरवायच्या. "कळलं की सांगा." जिथे कळायला लागेल तिथे पेनाने ठिपका. ठिपके जोडून हनुवटीवर बधिर भागाचा नकाशा काढायच्या, आणि भाता तो तसाच घेऊन बसने घरी यायचा. पहिल्या महिन्यात नकाशा ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीच्या मध्यापर्यंत. तिसऱ्यात थोडा आत सरकला. चौथ्यात तसाच. त्या रात्री घरी कुणी जेवलं नाही. पाचव्यात मुंग्या यायला लागल्या, डास चावल्यासारखं खाजायला लागलं, आणि डॉक्टर पहिल्यांदाच म्हणाल्या, "हे चांगलं आहे." सातव्यात नकाशा एका बटणाएवढा उरला. पण ते बटण नेमकं डाव्या कोपऱ्यावर. जिथे तो काठ टेकवायचा तिथेच. फुंकायला मात्र त्यांनी त्या दिवशी परवानगी दिली.

तो काही आपणहून गॅस लावणार नव्हता. मी घरातला माझा जुना कंडेन्सर, वाफ गार करायची काचेची नळी, घेऊन गेले, मी स्वतः वापरलेला, तोटी मोडलेला.

"हा दुरुस्त करून दे."

"तयार मिळतो, बाई."

"मला हाच पाहिजे. मी म्हातारी आहे, हट्ट करते. लाव गॅस."

त्याने जांभळ्या काचांचा चष्मा घातला. ज्वाळा लावली. नवी तोटी जोडायला रबरी नळी तोंडात धरायची वेळ आली तेव्हा त्याने ती उजव्या कोपऱ्यात धरली, आणि अगदी थोडी हवा सोडली. जोड धरला. मी भिंतीला टेकून उभी होते. तोटीचा काठ ज्वाळेत फिरवला, काम निवायला ठेवलं. त्याला अर्धा तास लागला.

मग त्याने तो कंडेन्सर माझ्यापुढे केला. "काठ बघा."

"मी?"

"ओठाने बघा. माझं बटण अजून तसंच आहे."

मी बघितला. माझा ओठ शहात्तर वर्षांचा, पण धड आहे. डोळे मिटून पूर्ण फिरवला. "गुळगुळीत आहे."

"नक्की?"

"अरे, गुळगुळीत आहे म्हटलं ना."

त्याने तो परत घेतला. जरा वेळ हातात फिरवला. मग डोळे मिटले आणि डाव्या कोपऱ्यावरून, पूर्वीसारखाच, हलकेच ओढला. मी हातात रुमाल काढून तयार ठेवला होता. काठ अर्ध्यावर आला आणि त्याचा हात थांबला. मागे घेतला. परत तेवढाच पुढे.

"इथे आहे," तो म्हणाला.

"काही नाहीये तिथे."

"आहे, बाई. बारीक आहे. पण आहे."

मी भिंग घेतलं आणि दिव्याखाली गेले. त्याच्या नखाने दाखवलेल्या जागी, काठावर, केसाएवढी खाच होती. मला लागली नव्हती. मी भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने पाहिलं नाही. त्याला गरज नव्हती. तो ओठ जिभेने चाचपत होता, जणू तिथे कुणी नवीन राहायला आलं होतं.

"घरी फोन कर," मी म्हटलं.

"हे आधी," तो म्हणाला, आणि ज्वाळा मोठी केली.

दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढायचा आहे, पुढची कित्येक वर्षं. पिशवी परत येते, ती जातच तशी. पुढचा महिन्याभराने आहे. आरशावर एक चिठ्ठी लावलेली आहे, फक्त तारखेची.